शिवणक्लासची बेसिक बॅच, बागल चौकाजवळ : ब्लाऊजची घाई असेल तर इकडे फिरकू नका

कोल्हापुरात शिवणक्लास गल्लोगल्ली आहेत. कुठल्याही पेठेत जा, एखादी तरी पाटी दिसतेच, "पंधरा दिवसांत ब्लाऊज शिका", "एका महिन्यात परफेक्ट कटिंग". मी ज्या क्लासबद्दल लिहितेय तिथे असली पाटी नाही, खरं तर पाटीच नाही. बागल चौकातून शाहू मिलकडे जाताना एका जुन्या घराच्या माडीवर बाई क्लास घेतात. नाव-नंबर टाकू नको म्हणून त्यांनीच बजावलंय, आत्ताच फोन उचलून उचलून वैतागल्यात म्हणे, त्यामुळे ज्यांना जायचंय त्यांनी त्या भागात शिवणाच्या बाई कुठं राहतात एवढं विचारा, चहाच्या टपरीवाला पण सांगतो.

तीन महिन्यांचा कोर्स, आठवड्यातून चार दिवस, रोज दोन तास, फी साडेचार हजार, कापड दोरा कात्री आपली. मशीन तिथं आहेत, काळ्या पायमशीन जास्त आणि मोटरवाल्या पांढऱ्या दोन. सकाळची बॅच घरच्या बायकांची आणि संध्याकाळची नोकरीवाल्यांची, मी संध्याकाळची. आणि आधीच सांगते, मला ब्लाऊज शिकायचाच नव्हता. मला साध्या कॉटनच्या कुर्त्या पाहिजे होत्या, खिसा असलेल्या. रेडिमेड घेतली की खांदा बसला तर छातीत आवळते आणि छाती बसली तर खांदा दंडावर उतरतो, आणि खिसा तर बायकांच्या कपड्याला असतोय कशाला असा समज आहे सगळ्या कंपन्यांचा. तर अशा माणसाच्या नजरेतून हा रिव्ह्यू वाचा, बुटीक काढणाऱ्यांनी आपापलं बघावं.

पहिला आठवडा कापडाला हातच लावू देत नाहीत. हे ऐकूनच निम्म्या बायका परत जातात, पण मला विचाराल तर फीचे निम्मे पैसे इथेच वसूल. नुसतं पायडल मारायचं, दोरा नाही, कापड नाही, फूट (सुईजवळचा, कापड दाबून धरणारा पाय) वर केलेलं. काळ्या पायमशीनवर चाक एकाच दिशेला फिरलं पाहिजे, सुरुवातीला हाताने ढकलून दिलं की पायाने ती लय धरायची, आणि नवीन माणसाचा पाय हमखास उलटा पडतो, चाक मागे फिरतं आणि दोरा असला तर अडकतो, तुटतो. पाय सुधारला की मग रेघांच्या वहीचा कागद, त्यावर बिनदोऱ्याची सुई चालवायची, सरळ रेघेवर भोकं पडली पाहिजेत. मग चौकोन, म्हणजे कोपऱ्यावर सुई खाली ठेवून फूट उचलायचं, कागद फिरवायचा, फूट खाली. मग गोल. गोल काढताना सगळ्यांची जीभ बाहेर येते. कागदासाठी एक जुनी सुई वेगळी ठेवलेली असते, कारण कागदाने सुईचं टोक मरतं आणि तीच सुई नंतर चांगल्या कापडाला लावली की कापडाचे धागे ओढले जातात. तोच नियम कात्रीला, कापडाच्या कात्रीने कागद कापताना कुणी दिसलं की बाई लांबूनच ओरडतात.

आमच्या बॅचला एक काका पण होते, उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर काम केलेले, रिटायर झालेत, नातीला झबली शिवायचीत म्हणून आलेले. सुरुवातीला सगळ्या जरा अवघडलो, पण मापाच्या बाबतीत त्या माणसाने सगळ्यांना मागे टाकलं. बाई इंचात आणि सुतात बोलतात, एका इंचाचे आठ सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत, आणि आम्ही सगळ्या टेपवरच्या बारीक रेघा मोजत बसायचो तोवर काकांचा खडू कापडावर फिरलेला असायचा, लेथवर पण सूतच की. मशीन कसं चालतं ते पण आम्हाला काकांनीच खरं समजावलं, पाट उघडून. हाताच्या सुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाला, ती सुई खाली जाऊन जरा वर येताना दोऱ्याचा छोटा फास सुटतो, शटलचं टोक तो फास उचलतं आणि बॉबिनभोवती (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) फिरवून आणतं, वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकला की झाला टाका. अमेरिकेतल्या एलायस हाऊचं १८४६ सालचं पेटंट आहे हे, आणि आपल्या घरातली काळी मशीन आजही तसाच टाका घालते. बाईंना या माहितीत काडीचा रस नव्हता, "फास कुठं का पडंना, टीप सरळ आली पाहिजे" एवढंच म्हणाल्या, पण मला मात्र त्या दिवसापासून मशीनची भीती गेली.

टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण. सगळ्या नवशिक्यांचा घोडा इथे अडतो आणि यूट्यूबवर कितीही बघा, हे डोक्यात शिरत नाही कारण ते बोटाला समजायला लागतं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की प्रत्येकजण बॉबिनला शिव्या घालते, बॉबिन काढते, परत भरते, परत तेच. गडबड बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते. फूट खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या चकत्या आवळलेल्या असतात, दोरा त्यांच्या आत बसतच नाही, वरून नुसता तरंगतो आणि खाली जाळं. फूट वर करा, दोरा पहिल्यापासून ओवा, निम्म्या वेळा तिथेच काम होतं. उलट वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा ठिपक्यासारखा दिसायला लागला तर वरचं टेन्शन जास्त आवळलंय. आणि बॉबिनचं बघायचं असेल तर बाई असं करतात, बॉबिन केसमध्ये भरून दोऱ्याचं टोक दोन बोटांत धरायचं, केस लोंबती सोडायची आणि मनगटाला हलका झटका. केस इंचभर खाली सरकून थांबली तर बरोबर. सरसर खाली गेली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट, मग केसवरचा तो बारका स्क्रू अगदी किंचित फिरवायचा. प्रत्येकीच्या हातात केस देऊन हे करून घेतात. एकीचं होईना तर म्हणाल्या, "दे हिकडं, मी दाखवतो बघ, झटका दे म्हणलं की तू फेकायलीस."

सुईचं पण नीट सांगतात. पातळ मलमलला ११ नंबर, साध्या कॉटनला १४, जीन्सला १६. आणि मशीनला तेल शिलाई मशीनचंच, खोबरेल नाही, ते थंडीत घट्ट होऊन मशीन जड चालते. बऱ्याच घरांत आजीची मशीन जाम होऊन पडलेली असते त्यामागे बहुतेक हेच खोबरेल असतं. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवायचं म्हणजे डाग चिंधीला पडतात.

मग कापड. इथे बाईंचा एक हट्ट आहे जो मला सुरुवातीला जाच वाटला. कापड आणलं की रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवून इस्त्री करून मगच क्लासला आणायचं. साधं कॉटन तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे बेचाळीस इंची कुर्ती शिवली तर पहिल्या धुण्यात दीड-दोन इंच गायब. टेलरने शिवलेला ड्रेस धुतल्यावर आखूड झाला म्हणून भांडणं होतात ती यातूनच. भिजवलेलं नाही हे त्यांना हात लावून कळतं, कांजी हाताला लागते, आणि परत पाठवतात, पावसाळ्यात सुद्धा. आता कोल्हापूरच्या पावसात जुलैमध्ये अडीच मीटर कापड वाळवून दाखवा म्हणावं, फॅनखाली दोन दिवस लागतात आणि वर तो दमट वास.

कापड कुठून आणायचं यावर क्लासमध्ये रोज चर्चा असते. महाद्वार रोडला व्हरायटी आहे पण नवशिक्यांनी तिथे जाऊन चांगलं महाग कापड घेऊ नये, कात्री लावताना हात थरथरतो आणि मग कटिंग बिघडतं. गांधीनगरला जा, होलसेलचं मार्केट आहे पण सुटं देणारी दुकानं पण आहेत, पॉपलीन आणि कॅम्ब्रिक शोधा. बरंचसं कापड इचलकरंजीचं असतं, तीस किलोमीटरवर यंत्रमाग खडखडतायत, पहिला माग तिथे १९०४ मध्ये आला, तेव्हा आपल्याकडे कापड स्वस्त मिळालं नाही तर कुठे मिळायचं. (बाईंचे सासरे शाहू मिलमध्ये कामाला होते, राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली उभी केलेली मिल, आता बंद आहे. खिडकीतून त्या बाजूला बोट दाखवून त्या अजून सांगतात, हितलं कापड बघितलं असतंस तर. सूत कसं ओळखायचं, उन्हासमोर धरून विणीतल्या फटी कशा बघायच्या, हे त्यांना घरातूनच आलंय.) पहिल्या कपड्यासाठी बारीक, चहूबाजूला सारखी असलेली प्रिंट घ्यायची. चौकड्या आणि पट्टे नको, शिवणीवर जुळवता जुळवता नाकी नऊ येतात. एकाच दिशेची फुलं नको, कापड जास्त लागतं. आणि जॉर्जेट, सॅटिन, लायक्रा तर वर्षभर तरी बघूच नका, घसरतं, ताणतं, लायक्राला सुईसुद्धा वेगळी लागते.

शिकवण्याचा क्रम असा आहे, आधी कापडी पिशवी, मग उशीचा अभ्रा, मग परकर, मग पायजमा आणि शेवटी कुर्ती. पिशवी आणि अभ्रा लगेच होतात, त्यावर काही लिहीत नाही, सरळ टिपा आणि दुमड एवढंच. घरात सगळ्यांकडे पिशव्या झाल्या.

परकर मात्र भारी प्रकरण आहे. बाहेर शे-दोनशेत मिळतो म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली होती, मी पण साडी नेसते वर्षातून मोजून, मला काय करायचाय परकर. पण शिवणातलं निम्मं गणित यात आहे. सहा कळ्यांचा परकर घ्या, कळी म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असा कापडाचा तुकडा. सीट (नितंबांचा घेर) छत्तीस इंच असेल तर भागिले सहा, सहा इंच, त्यात माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) एक इंच म्हणजे कळी वर सात इंच. खाली घेर हवा तसा, तेरा धरू. आता कळ्या सगळ्या एकाच दिशेने मांडल्या तर कापड वाया जातं, म्हणून एक सुलटी आणि शेजारची उलटी, सात अधिक तेरा, दोन कळ्या मिळून वीस इंचाचा आयत. चव्वेचाळीस इंची पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) असे दोन आयत म्हणजे चार कळ्या बसल्या, उरलेल्या दोन पुढच्या लांबीत, दोन मीटरमध्ये परकर बसतो आणि नेफ्याची (नाडी ओवायची) पट्टी पण त्यातच निघते. हे बाई फळ्यावर काढत नाहीत, वर्तमानपत्राच्या कळ्या कापून जमिनीवर मांडायला लावतात, आणि त्या उलट-सुलट मांडताना एकदम टाळक्यात प्रकाश पडतो की कापड बेतणं म्हणजे काय. तिथून पुढे प्रत्येक कापड बघताना डोक्यात आयत दिसायला लागतात.

आणि परकरातली दुसरी गोष्ट, जी मला कुठल्याच व्हिडिओत सापडली नव्हती. अशा कापलेल्या प्रत्येक कळीची एक कड सरळ असते, उभ्या धाग्यात, आणि दुसरी तिरकी. तिरकी कड ताणली जाते. शिवताना तिरकी तिरकीला जोडली तर ती शिवण लोंबायला लागते, महिन्याभरात परकर खाली एका ठिकाणी लांब आणि एका ठिकाणी आखूड. म्हणून तिरकीला सरळ, सरळला तिरकी. सरळ कड तिरकीला धरून ठेवते. बाजारातला परकर घरात असेल तर उलटा करून बघा, किती जणांनी हे पाळलंय. शिवण आतून फ्रेंच करतात, म्हणजे आधी उलट्या बाजू एकत्र ठेवून दोन सुतावर टीप, माया बारीक कापायची, कापड फिरवून सुलट्या बाजू आत घ्यायच्या आणि परत दोन सुतावर टीप, कच्ची कड आत बंद होऊन जाते. इंटरलॉकची (कडेचे धागे बांधणाऱ्या मशीनच्या टाक्याची) गरज नाही, धागे सुटत नाहीत. वेळ दुप्पट लागतो. पण घरात इंटरलॉक मशीन कुणाकडे असते?

कुर्तीचा महिना जरा जास्त लिहिते कारण मी त्यासाठीच गेले होते.

मापं एकमेकींची घ्यायची, खांदा, छाती, कंबर, सीट, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर), दंडघेर, बाहीची लांबी, गळ्याची खोली. टेप आवळायचा नाही, आत दोन बोटं जातील एवढा सैल. मग ब्राऊन पेपरवर आखणी, छाती भागिले चार, अधिक सैलपणासाठी दीड इंच, अधिक माया. कापड चौपदरी घालून कापतात, पण मुंढ्याला पुढचा भाग वेगळा, तो मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त खोल, कारण हात पुढे जातो आणि तिथे कापड जास्त झालं तर काखेपाशी चुण्या गोळा होतात. बाहीच्या गोलाईलाही पुढची बाजू तशीच जास्त खोल. इथे एका कॉलेजच्या पोरीने दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या, आणि बाईंनी न रागवता नुसतं "आता दुसरा उजवा हात शोध जा" म्हणलं, तेव्हापासून सगळ्याजणी बाहीच्या पुढच्या बाजूला छोटा कट मारायला लागल्या. कट म्हणजे मायेच्या आत, दीड सूत, खूण म्हणून. बाजू शिवायच्या आधीच बाही लावून घेतात, कुर्ती उघडी सपाट असतानाच, नवीन माणसाला तेच सोपं जातं, गोल मुंढ्यात गोल बाही बसवणं नंतर कधीतरी.

गळा. गोल गळ्याला उरेब पट्टी. कापडाचा कोपरा असा दुमडायचा की किनार आडव्या धाग्यावर येईल, जी तिरपी घडी पडते ती पंचेचाळीस अंशांची, त्या घडीला समांतर सव्वा इंचाच्या पट्ट्या. उरेबच का, तर तिरक्या धाग्यात कापड ताणतं आणि वळणावर वळतं, सरळ पट्टी वळणारच नाही, सुरकुत्या पडतील. पट्टी सुलटीवर सुलटी ठेवून दोन सुतावर शिवायची, आणि हा भाग बघण्यासारखा असतो, बाई पट्टी ओढतही नाहीत आणि सोडतही नाहीत, डाव्या हाताची दोन बोटं नुसती कापडावर असतात आणि कापड आपणहून वळतं. पट्टी जास्त ओढली की गळा गोळा होतो, सैल सोडली की उभी राहते. शिवून झालं की वळणावर कात्रीने बारीक बारीक कट, टिपेच्या एक सूत अलीकडे थांबायचं, मग पट्टी आत वळवून पट्टीवरूनच कडेला एक टीप मारायची म्हणजे ती बाहेर डोकावत नाही, आणि शेवटी हाताने तुरपाई. तुरपाईचा टाका सुलट बाजूला दिसला तर उसवायला लावतात. आणि प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, शेवटी एकदम नाही. इस्त्रीच्या टेबलापाशी रांग लागते आणि तिथेच सगळ्या गप्पा होतात, कुणाच्या घरी कुणाचं काय जमतंय, रंकाळ्यावर कुठल्या गाडीवर भेळ चांगली.

एकीच्या घरात लग्न होतं, तिला कुर्तीचा टप्पा सोडून एकदम अनारकली शिकायची होती. बाईंनी मान पण वर केली नाही, "मुंढा बसतोय का आधी? बसला की मग घाल की किती घेर घालायचा तितका."

खिसा त्यांच्या अभ्यासक्रमात नाही. विचारलं तर शिकवतात आणि छान शिकवतात, बाजूच्या शिवणीतला खिसा, तळहात कागदावर ठेवून भोवती आखायचं, दीड इंच जास्त सोडून. मग सगळ्यांनीच खिसे लावले, काकांनी नातीच्या झबल्यालासुद्धा लावला.

आता नावडलेल्या गोष्टी, त्या पण आहेत.

मापाच्या फॉर्म्युल्यावर बाईंचा आंधळा विश्वास आहे. छाती भागिले चार हे गणित धरून चालतं की सगळ्या बायका प्रमाणात असतात. आमच्यात एकीचा खांदा अरुंद आणि छाती भरलेली, तिची कुर्ती फॉर्म्युल्याने बरोबर कापली तरी पुढून वर उचलली जायची आणि काखेतून तिरक्या रेघा पडायच्या. तिथे टक्स (कापड चिमटून मारलेल्या टिपा) घालून पुढच्या भागाला जास्त जागा द्यायला हवी, पण बेसिकमध्ये टक्स नाहीत, पुढच्या कोर्सला ये म्हणाल्या. हे मला पटलं नाही. अशा वेळी स्वतःची चांगली बसणारी जुनी कुर्ती सपाट पसरून तिच्यावरून कागदावर आखून घेणं सगळ्यात सोपं, मी घरी तेच करते, बाईंसमोर मात्र म्हणायची सोय नाही, "कॉपी करून पास व्हायचंय व्हय तुला" म्हणतात.

दुसरं म्हणजे वही. चौथाई स्केलमध्ये प्रत्येक कपड्याची आखणी काढून, छोटा कागदी नमुना चिकटवून वही पूर्ण करायची असते. वही पुढे उपयोगी पडते हे खरं, पण दिवसभर ऑफिस करून आलेल्या माणसाला रंगीत पेनाने बॉर्डर मारायला लावणं म्हणजे शाळाच झाली. दोन तासांतला अर्धा तास यात जातो.

मोटरच्या मशीन दोनच असल्याने त्यांच्यासाठी नंबर लागतो, लाईट गेली की तोही प्रश्न नाही म्हणा. चेन लावणं शिकवत नाहीत. काज-बटण धावतं दाखवतात. उन्हाळ्यात माडीवर पत्र्याखाली बसवत नाही, कापडाला घामाचे हात लागतात. आणि बाईंचं तोंड फटकळ आहे, मला मजा येते, पण एक मुलगी रडून गेली ती परत आली नाही, हे पण लिहिलं पाहिजे.

मशीन घ्यावी का हे सगळे विचारतात, तर पहिल्या महिन्यात अजिबात घेऊ नका. नातेवाइकांत कुणाकडे तरी काळी पायमशीन धूळ खात असतेच, तेल घालून, वादी (चाकाचा पट्टा) बदलून, सुई नवीन लावून ती चालते, आणि वरच्या सगळ्या गोष्टींना सरळ टीप पुरते. पंचवीस डिझाइनचे टाके असलेली मशीन बघून हुरळून जाऊ नका, त्यातला सरळ, झिगझॅग आणि काज एवढेच वापरले जातात. पांढरी घेतलीच तर सुई बसवताना सपाट बाजू मागे येते का बघा आणि सोबतचं पुस्तक वाचा. बाकी सामानात पैसे घालायचेच असतील तर कात्रीत घाला, चांगली नऊ-दहा इंची, आणि टेप कापडी जुना वापरू नका, ते ताणून अर्धा अर्धा इंच लांब झालेले असतात. सीम रिपर (टीप उसवायचं हत्यार) मात्र दोन घ्या, एक हमखास गाद्यांखाली जातो.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक स्टार फॉर्म्युल्याचा आणि वहीचा मिळून कापलाय. कुणाला धंदा करायचाय, पिको-फॉल, ब्लाऊजचं फिटिंग, कस्टमर हाताळणं, त्यांना हा क्लास हळू वाटेल, त्यांनी सरळ एखाद्या चालत्या टेलरिंग दुकानात हाताखाली बसावं. ज्यांना स्वतःचे आणि पोरांचे साधे कपडे नीट शिवायचेत आणि कपडा उलटा केल्यावर पण बघवला पाहिजे असं वाटतं त्यांनी नक्की जा.

श्रावण ते दिवाळी नवीन बॅच घेत नाहीत, तेव्हा त्यांची स्वतःची शिलाईची कामं असतात, दिवाळी झाली की विचारा. फी दोन हप्त्यांत चालते. गाडी खाली लावायला जागा नाही, चौकातच कुठेतरी लावून चालत या. आणि घरची मशीन क्लासला आणून शिकते असं कुणाच्या मनात असेल तर आधी येऊन तो जिना बघून जा.